एक नंबरच्या जागी कोण बोललं

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आले. आमच्या घरात भूतखेत, भानामती, अंगात येणं यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं गाठोडं घराबाहेर गेलं, आणि बाबांनी ते परत आत येऊ दिलं नाही. लहानपणी कोणी म्हटलं की नाल्याकाठच्या चिंचेखाली काहीतरी आहे, तर बाबा मला हाताला धरून त्याच चिंचेखाली नेऊन बसवायचे... "दिसलं काय काही? नाही न? मंग चल, भाकर खा." तर अशा घरातली मी. तरी हे लिहिते आहे, कारण दीड वर्ष झालं आणि मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

मी बावन्न वर्षांची. अमरावतीत सरकारी नोकरी, लग्न केलं नाही. मूळ गाव बार्शीटाकळीजवळ. बाबा बाजारात मापारी होते — म्हणजे शेतकऱ्याचं धान्य मोजून देणारा माणूस. मोजताना आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. बाबांच्या तोंडात ते इतकं बसलेलं की आम्हा तिघा पोरांनाही ते तसंच मोजायचे. एसटीतून उतरलो की, बाजारात गर्दी वाढली की, गालात सुपारी धरून — "लाभ... दोन... तीन." मी थोरली, म्हणून मी लाभ. ज्याने 'हो' म्हटलं नाही त्याची कंबख्ती.

भाऊ आता पुण्याला, बहीण सासरी बडोद्याला. बाबांची शेवटची चार वर्षं माझ्या फ्लॅटमध्ये गेली. त्यांना माझं नावही आठवेनासं झालं होतं. पण संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन लॅच उघडलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "लाभ." मी म्हणायची, "हो बाबा." मग ते बराच वेळ दोन आणि तीनची वाट बघत बसायचे. ते गेल्यापासून या घरात मला मोजणारं कोणी नाही. असं लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

हे सगळं घडलं ते शिडाच्या बोटीवर. तिथे मी कशी पोचले ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला ऊन लागलं. मोर्शीजवळच्या मोठ्या धरणाच्या पाण्यावर एका निवृत्त नौदलवाल्यांनी शिकवणी सुरू केली होती. पाच दिवसांचा कोर्स, शेवटी 'स्किपर'चं सर्टिफिकेट. बोट बावीस फुटी. शीड कसं ओढायचं, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, सुकाणू कसं धरायचं, सगळं प्रत्यक्ष हातानं. वऱ्हाडात समुद्र कुठे, हे सर्टिफिकेट मी काय चाटणार होते? पण मे महिन्यात आठवडाभर रजा घेऊन घरात एकटीनं कूलरसमोर बसायचं मला जिवावर आलं होतं. कोणी तरी दिवसभर बोलेल, एवढाच हिशोब. फॉर्मवर एक रकाना होता — संकटकाळी कोणाला कळवायचं. मी तिथे स्वतःचाच नंबर टाकला.

आम्ही बोटीवर चौघं. शिकवणारे सर, मालवणकडचे, मितभाषी. मोर्शीचे गावंडे काका, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आता संत्र्याची बाग बघतात. आणि शीतल, अमरावतीची, फार्मसी झालेली. सरांचा एक कडक नियम होता: निघताना, परतताना आणि मध्ये काही धक्का बसला की मोजणी. ते ओरडणार "मोजणी!" आणि ज्याने त्याने आपला नंबर मोठ्यानं सांगायचा. सुकाणू ज्याच्या हातात तो स्किपर, म्हणून एक नंबर. सर दोन. उरलेले दोघे तीन आणि चार.

पहिल्यांदा सुकाणू माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या तोंडात 'लाभ'च आलं होतं. पण कोकणातल्या माणसासमोर गावंढळ दिसायला नको म्हणून मी ते गिळलं आणि "एक" म्हटलं. पुढेही सुकाणू हातात आलं की "एक"च म्हणत राहिले. लाभबद्दल, बाबांबद्दल त्या बोटीवर मी कोणाशी अवाक्षर बोलले नव्हते. हे मुद्दाम सांगते आहे.

पाचव्या दिवशी दुपारी चारनंतर माझी परीक्षा. सर पुढच्या बाजूला जाऊन बसले. "आज बोट तुमची. मी पाहुणा." पाण्यावर दूर तरंगत ठेवलेल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. अर्ध्यात पोचलो तर पश्चिमेकडे आभाळ मातकट झालेलं. गावंडे काका म्हणाले, "ताई, वावधन येऊन राहिलं. शीड उतरवा." आमच्याकडच्या मे महिन्यातलं धुळीचं वादळ, त्याचा भरवसा कोण देणार? मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "निर्णय तुमचा."

शीड उतरवायलाच पाहिजे होतं, मला कळत होतं. पण तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काय म्हणते त्यावर पुढचं सगळं ठरणार होतं. किती वर्षांनी असं कोणी माझ्या शब्दासाठी थांबलं होतं... मी म्हटलं, "पिंपाला वळसा घालूनच जाऊ." त्यात उकडत होतं म्हणून जाकिटाचे पट्टेही मी ढिले केले होते. हाही गाढवपणा माझाच.

वारा एकदम फिरला. शिडाचा खालचा आडवा दांडा इकडून तिकडे आला तो थेट माझ्या कानावर. दातांत धूळ आली, एवढं शेवटचं आठवतं. पुढचं सगळं मी इतरांकडून ऐकलेलं आहे.

धूळ इतकी होती की पुढून मागचं सुकाणू दिसत नव्हतं. बोट आडवी झालेली, शीड फडफडतंय, जो तो मिळेल ते धरून बसलेला. मी पडले हे कोणालाच कळलं नव्हतं. सर ओरडले, "मोजणी!"

आणि आवाज आला, "लाभ."

त्यावर गावंडे काका पटकन म्हणून गेले, "दोन." त्यांचा नंबर तीन. पाच दिवसांत एकदाही चुकले नव्हते. पण वऱ्हाडी माणसाच्या कानावर लाभ पडला की तोंडून दोनच निघणार, त्यांचा काय दोष? सर तिकडून खेकसले, "दोन मी आहे! एक कुठाय?" आणि मागे सरकत येऊन बघतात तर सुकाणू मोकळं.

त्यांनी शीड पाडलं, इंजिन सुरू केलं आणि वारा जिकडे वाहत होता तिकडे शोधायला निघाले. शीतल म्हणते तेवढ्यात तोच आवाज परत आला, विरुद्ध बाजूनं, पाण्यावरून. या वेळी जरा चिडून... "लाभ!" काका सरांच्या हाताला झोंबले, "तिकडं घ्या सायेब, आवाज तिकडून येऊन राहिला." सरांनी बोट वळवली. जाकीट माझ्या मानेवरून वर सरकलं होतं आणि मी पालथी, तोंड पाण्यात. हुकानं ओढून वर घेतलं तेव्हा श्वास नव्हता म्हणे. आणखी दोन मिनिटं गेली असती तर हे लिहायला मी नसते.

मोर्शीच्या दवाखान्यात सात टाके पडले. संध्याकाळी सर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, "मॅडम, लाभ म्हणजे काय?"

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"तुम्हीच. एकच्या जागी. दोनदा म्हणालात."

मी त्यांना माप मोजायची पद्धत सांगितली. त्यांनी मान डोलावली. बेशुद्धीत माणूस लहानपणचं बोलतो, असं म्हणाले. मलाही ते पटलं, खरंच पटलं. सर गेल्यावर गावंडे काका चहा घेऊन आले. बशीत ओतून दिला.

"ताई, सायेबाले मी काही बोललो नाही. पण तो आवाज तुमचा नवता."

"मंग कोणाचा होता?" मीही आपसूक वऱ्हाडीवर आले.

"माणसाचा होता. म्हाताऱ्या माणसाचा. गालात सुपारी धरून बोलते न एखादा, तसा." मग म्हणाले, "तुमाले भेव घालासाठी नाही सांगत. मले झोप येणार नाही म्हणून सांगून राहिलो."

शीतलला दुसऱ्या दिवशी विचारलं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "मॅडम, पुरुषाचा होता. मला वाटलं काकांचाच." सरांना फोन केला, तर ते म्हणाले वाऱ्यात बाईचा आवाजही जाड वाटतो. असेलही.

मी आपल्या परीनं सगळं करून पाहिलं. धरणावर मासे धरणारे असतात, काठावर टोपल्या मोजत असतील, त्यांचा आवाज पाण्यावरून आला असेल... पण तशा वादळात टोपल्या कोण मोजतं? मीच बोलले असेन... पण पाण्यात पालथं तोंड असताना? काकांनी मागून कल्पना केली असेल... पण मग मला काढायच्या आधी त्यांनी दोन कशाला म्हटलं? आणि सुपारीचं त्यांना कोणी सांगितलं? इथे येऊन माझी गाडी अडते. बाबा असते तर मला हाताला धरून त्याच पाण्याकाठी बसवलं असतं, दिसलं काय काही म्हणून. मी जाऊन बसलेही. दोन रविवार. काही दिसलं नाही.

हिवाळ्यात परत जाऊन मी परीक्षा दिली, पास झाले. त्या दिवशी मोजणीत मोठ्यानं "लाभ" म्हटलं. सर हसले आणि "दोन" म्हणाले. सर्टिफिकेट टीव्हीच्या वर लावलं आहे. फॉर्मवर त्या रकान्यात या वेळी गावंडे काकांचा नंबर टाकला, त्यांना विचारून.

लोकांना वाटतं मला त्या आवाजाची भीती वाटते. भीती कसली? माझं दुःख वेगळंच आहे. त्या दिवशी तीन परक्या माणसांनी तो आवाज ऐकला, एकदा नाही, दोनदा. हाक मला होती, आणि ती ऐकली नाही फक्त मीच. आता संध्याकाळी लॅच उघडलं की मी दारातच थोडी थांबते. आतून फ्रिजचा आवाज येतो.

मग रविवारी काकांना फोन करते. संत्र्याचं, पावसापाण्याचं बोलून झालं की ते स्वतःच म्हणतात, "पुसा, ताई." मी विचारते, कसं म्हटलं होतं ते, पुन्हा एकदा सांगा न. काका जरा घसा खाकरतात, आणि होता तसा आवाज काढून म्हणतात, "लाभ." मी इकडून "हो" म्हणते आणि फोन ठेवते.