निळ्या चिठ्ठीचे पिंजरे

आमच्या भाऊजींनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक त्यांना राक्षस म्हणून मोकळे होतात. राक्षस नव्हते ते. गरीब गाय होती. एकोणतीस वर्षं एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तळघरात त्यांनी पांढरे उंदीर सांभाळले. नवीन आलेली शिकलेली माणसं उंदराला शेपटीने उचलायची, तेव्हा भाऊजी त्यांना बाजूला सारायचे, आधी स्वतःचे तळवे चोळून गरम करायचे आणि पोटाखाली हात घालून उंदीर उचलायचे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुणी किती खाल्लं ते वहीत लिहायचं. घरी आले की अंगाला भुशाचा आणि फिनेलचा वास. ताई त्यांना आंघोळीशिवाय कशालाच शिवू देत नसे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. दोन मशिनी होत्या, एक तिची आणि एक माझी. शिवण मला तिनेच शिकवली, तीही डोक्यात टपल्या मारून. कापड टेबलावर पसरलं की ती कागदाचा नमुना न ठेवता थेट खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. बाही कधी इकडची तिकडे झाली नाही. जीभही कात्रीसारखीच होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं, ‘जरा सैल झालंय,’ तर म्हणायची, ‘तुम्ही वाळलात, त्याला मी काय करू?’

भाऊजींच्या तळघरात शेवटच्या दोन-तीन वर्षांत एक डॉक्टर मॅडम काम करत होत्या. मेंदूला इजा झाल्यावर शरीर पुन्हा कसं शिकतं, हे त्यांना शोधायचं होतं. उंदराच्या मेंदूच्या एका बाजूला त्या छोटीशी जखम करायच्या. मग पुढचा एक पाय लुळा पडायचा. उंदीर लबाड, तो चांगल्या पायावर सगळं भागवायचा आणि लुळा पाय विसरून जायचा. म्हणून चांगला पाय छोट्या कापडी बंडीत बांधून टाकायचा आणि खाऊ फटीपलीकडे ठेवायचा. पिवळी चिठ्ठी लावलेल्या पिंजऱ्यांतले उंदीर असे अडवले की पाच-सहा आठवड्यांत त्या लुळ्या पायाने खाऊ ओढायला लागायचे.

भाऊजी हे जेवताना सांगायचे. उजवा हात अंगाशी दाबून, डाव्याने घास उचलून करूनही दाखवायचे. डोळे नुसते चमकायचे. ‘अडलं की मेंदू शिकतो. लाड केले की आळशी होतो,’ ते म्हणायचे. ताई म्हणायची, ‘ताटावर उंदीर नकोत.’

निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत. ते उंदीर पंधरवड्यात वरच्या मजल्यावर जायचे, आणि वर गेलेला उंदीर खाली येत नसे. असल्या उंदरांचा विषय निघाला की भाऊजी पाणी प्यायला उठायचे.

एका सकाळी शाळेचा गणवेश बेतताना ताईच्या हातातून कात्री पडली. ती उचलायला वाकली आणि तशीच राहिली. मेंदूतली रक्ताची वाट अडली होती. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती, बोलत होती, तोंड जरा वाकडं झालं होतं इतकंच. उजवा हात जड पडला होता, पण बोटं हलत होती. मी पर्समधला खडू तिच्या बोटांत दिला. तिने चादरीवर रेघ ओढली. वाकडी, पण रेघ. नर्स ओरडली आणि आम्ही तिघं हसलो. डॉक्टर म्हणाले, ‘हात येईल. घाई करू नका. रोज थोडा थोडा व्यायाम.’ त्या रेघेवर आमची सगळी आशा होती. उजव्या हाताशिवाय ताई म्हणजे कोण, हे तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर गेले तसे भाऊजी मला बाहेर घेऊन आले.

‘थोडा थोडा म्हणे! या लोकांनी उंदीर बघितलेत का कधी?’ ते म्हणाले. ‘डावा हात बांधायचा. आजपासून. एक मिनिट वाया घालवायचं नाही. तू मला एक पिशवी शिवून दे.’

मी दिली. जाड कापड घेतलं, दुहेरी शिवण घातली, मनगटापाशी नाडी ओवली. दातांना गाठ सापडू नये म्हणून गाठीवर झाकण शिवलं. खोटं कशाला बोलू, शिवताना मला माझ्या अकलेचं कौतुक वाटत होतं.

दवाखान्यात नर्सने ती पिशवी दोनदा सोडली, भाऊजींनी दोनदा बांधली. पाचव्या दिवशी ताई घरी आली आणि मग सोडणारं कुणी उरलं नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत डावा हात पिशवीत. ताट समोर, चमचा उजव्या बाजूला. ताई चमचा उचलायची, तो पडायचा. उचलायची, पडायचा. भात गार व्हायचा. पहिले दोन दिवस तिने शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ती ताटावर वाकली आणि तोंडाने खायला लागली, तर भाऊजींनी ताट हळूच मागे ओढलं.

‘हाताने,’ ते म्हणाले. ‘माझे उंदीर तुझ्यापेक्षा जिद्दी आहेत. ते रडत नाहीत.’

बोलताना त्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते स्वतःही उपाशीच राहायचे. म्हणून मी गप्प बसले. प्रेमाने चाललंय म्हटलं की माणूस काय काय बघत बसतो! ताई माझ्याकडे बघायची. मी मशिनीकडे बघायचे.

हात सुधारला नाही. दुसऱ्या आठवड्यात खडू धरता येईना. तिसऱ्यात बोटं आत वळायला लागली. भाऊजींनी ताट आणखी लांब सरकवलं. महिना उलटला, दीड महिना झाला. मूठ अशी मिटली की नखं कापायला मला ती उघडावी लागायची. ताईने शिव्या घालणंही सोडलं. त्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटलं.

शेवटी भाऊजी मला घेऊन मॅडमकडे गेले. नियम काटेकोर पाळलाय, याला साक्षीदार हवा होता. मॅडम बोलायला गोड, भाऊजींना ‘मामा’ म्हणायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हात कधीपासून बांधला?’

‘दुसऱ्या दिवसापासून,’ भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले. ‘एक तास फुकट घालवला नाही.’

मॅडम उठल्या. कपाटातून तळघराची वही काढली, पानं उलटून टेबलावर ठेवली. अक्षर भाऊजींचंच होतं. पिवळी चिठ्ठी: जखमेनंतर आठवड्याने चांगला पाय बांधला, तोही दिवसातून थोडा वेळ. निळी चिठ्ठी: पहिल्या दिवसापासून बांधला, पूर्ण वेळ.

‘मामा, ताजी जखम असताना लुळ्या पायावर सगळा भार टाकला तर काय होतं, हे बघायला निळे पिंजरे होते,’ त्या म्हणाल्या. ‘वर नेऊन मेंदू तपासले तेव्हा जखम मोठी झालेली होती. माणसात तसंच होतं, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात काय झालं ते मला इथे बसून कळायचं नाही. हात एरवीही गेला असता कदाचित. पण तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं.’

निळ्या पिंजऱ्यांतला प्रत्येक पाय भाऊजींनी धरला होता आणि मॅडमनी बांधला होता. ते उंदीर मरगळलेले दिसायचे, पण ताज्या जखमेचे सगळेच मरगळलेले दिसतात, म्हणून त्यांनी विचारलं नाही. दिवस आणि वेळा त्यांनी नुसत्या लिहून काढल्या; डोक्यात राहिले ते जगलेले, खाऊ ओढणारे उंदीर. वाटेत ते म्हणाले, ‘हिला सांगू नकोस.’ मी हो म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पिशवीची नाडी सोडली. ताईने मोकळा हात बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं. आणि माझी बहीण, जिने जन्मात कुणाची माफी मागितली नाही, ती म्हणाली, ‘सोडून दिलंत ना मला? माझंच चुकलं. मी नेट लावला नाही. तुम्ही एवढं केलंत आणि मीच आळशी निघाले.’

भाऊजी ऐकत उभे राहिले. नुसते उभे राहिले! माझं डोकंच फिरलं. मी सगळं सांगून टाकलं. वही, चिठ्ठ्या, मॅडमचं बोलणं, एरवीही गेला असता हेसुद्धा. ऐकून झाल्यावर ताई म्हणाली, ‘ताटं वाढ.’

मी तीन ताटं वाढली. भाऊजी मान खाली घालून बसले. ताईने पिशवी डाव्या हाताने उचलली.

‘हात पुढे करा. उजवा.’

त्यांनी केला. तिने पिशवी चढवली, नाडी दातांनी ओढली, गाठ मारली, झाकण नीट बसवलं. मग त्यांचं ताट थोडं मागे सरकवलं.

‘जेवा आता. रडायचं नाही. उंदीर रडत नाहीत.’

भाऊजींनी डाव्या हाताने चमचा उचलला. पहिला घास सदऱ्यावर सांडला, दुसरा मांडीवर. ते तक्रार न करता खात राहिले, आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं. चांगली जिरली, असं मी मनात म्हणालेसुद्धा.

ताईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती.

‘नाडीच्या तोंडाशी उलटा टाका,’ ती म्हणाली. ‘हा मी एकीलाच शिकवलाय.’

हातातला घास मी परत ताटात ठेवला.

‘पहिल्याच दिवशी ओळखला मी. दवाखान्यातच. म्हटलं, हिने शिवलीय, तर हीच उसवेल. रोज वाट बघितली तुझी.’

‘ताई...’

‘जेव आधी. मग कापड काढ आणि दुसरी शिव. तुझ्या मापाची.’

मी ताट बाजूला केलं आणि उठले. टेप घेतला. दुसरं कुणी घेण्यासारखं नव्हतं, म्हणून माझ्या उजव्या हाताचं माप मी माझ्याच डाव्या हाताने घेतलं.