सिनेमाच्या मध्यात भैरवी

जर्मनीत आमच्या र्युसेल्सहाइम गावात एक हौशी फिल्म क्लब आहे. ते जुने मूकपट दाखवतात आणि पडद्याशेजारी बसून एक आजोबा पियानो वाजवतात. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं, आणि क्लबात असलेला माझा ऑफिसातला सहकारी थेट माझ्या टेबलापाशी आला.

"बरं का, गणपतीत तू ती हाताने हवा भरायची पेटी वाजवतेस ना? सिनेमा अगदी छोटा आहे."

मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारी इंजिनिअर. नाही म्हणायला हवं होतं. पण मी इतकी हरखले की "हो, हो!" म्हणून मोकळी झाले.

घरी आल्यावर भानावर आले. पुण्याहून बाबा आलेले होते, तेही ऐकायला येणार. बाबांनी जन्मभर संगीत नाटकांना पेटीची साथ केली. मलाही त्यांनीच शिकवलं. दुसऱ्यांना ते भरभरून दाद देत, पण माझं वाजवणं ऐकून "हं"च्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नाही. मला त्यांची मोठ्याने दिलेली दाद हवी होती, एकदाच. चाळिशी उलटलेल्या बाईने असले हट्ट धरू नयेत म्हणतात. मी धरला होता.

सिनेमा अमेरिकेतला, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. दीपगृह सांभाळणाऱ्याची बायको, नवरा वादळात होडीवर, आणि दिव्यातलं तेल संपलेलं. सुरुवात झकास झाली. समुद्र उसळला तशी मीही उसळले. भाता मारताना दम लागत होता आणि भारी मजा येत होती. मग लाटांवर नवऱ्याची टोपी तरंगत आली. बायको वाळूत कोसळली, चित्र कडेकडेने काळं होत मिटलं आणि माझी बोटं आपसूक भैरवीवर गेली. करुण म्हटलं की भैरवी!

मागच्या रांगेत आमची मराठी मंडळी होती. भैरवी लागली म्हणजे मैफल संपली, हे आमच्या रक्तातच. त्यात पडदाही काळा. खुर्च्या सरकल्या, जाकिटांच्या चेनी वाजल्या. बाबांनी तर मफलर उचलला. जर्मन प्रेक्षक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात पडदा उजळला, तर दूर लाटांवर होडी अजून तग धरून होती आणि बायको पाळणा फोडत होती, किनाऱ्यावर जाळ करून होडीला वाट दाखवायला! आणि माझी माणसं निघाली होती दाराकडे.

"अहो, बसा की!" असं ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी भैरवी तिथेच सोडली आणि द्रुत लयीत सुसाट सुटले. पाळण्यानंतर टेबल, टेबलानंतर दार. जाळ वाढला तशी लय वाढली. मी घामाघूम! हळूच मागे पाहिलं, तर सगळे जागच्या जागी थबकलेले. बाबा पडद्याकडे नव्हे, माझ्या बोटांकडे बघत होते. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मी शेवटचा सूर धरला, तो सोडवेना.

टाळ्या झाल्या, शिस्तीत सुरू होऊन शिस्तीत थांबल्या. बाबा अजून उभेच होते. आता "हं" येणार म्हणून मी मान खाली घालून पेटी आवरायला घेतली.

"वन्स मोअर!"

नाट्यगृहात शेवटच्या रांगेतून देतात तसा, हॉल दणाणून सोडणारा. पुढच्या रांगेतल्या आजी दचकल्याच. सहकारी धावत आला. "त्यांना सिनेमा परत बघायचाय का?"

"नाही," डोळे पुसत मी म्हटलं. "त्यांना मला परत ऐकायचंय."