वरचं बूच

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना आधी वरचं बूच सुटतंय का ते पाहायचं आणि ते हातात आल्याशिवाय खालच्याला शिवायचं नाही, हे वाक्य त्या व्हिडिओत अगदी शेवटच्या मिनिटाला होतं. भाच्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शेवटी तो माणूस 'आवडलं तर कळवा' एवढंच म्हणणार, ते ऐकून करायचंय काय, असा त्याचा विचार. त्यामुळे सकाळी साडेअकरा वाजता परिस्थिती अशी होती की मामीच्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं सगळं जुनं ऑइल खाली टबात होतं, आणि नवं जिथून भरायचं ते बाजूचं वरचं बूच हलायला तयार नव्हतं. आधी ते नुसतंच हलत नव्हतं. भाच्याने अर्धा तास झटापट केल्यावर त्याच्या सहाही कडा गुळगुळीत झाल्या आणि पाना त्याच्यावरून मजेत फिरायला लागला.

ऑइलशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेता येणार नव्हती. आणि चार वाजता त्याच गाडीत नळवालीची परवान्याची परीक्षा होती.

मामी गेली बावीस वर्षं गाडी शिकवते. गावातला प्रत्येक तिसरा चालक तिच्या शेजारच्या सीटवर बसून घामाघूम झालेला आहे. तिच्या मांडीवर एक छोटा टॉवेल असतो. एक शिकाऊ उतरला की गिअरची मूठ पुसायची आणि दुसऱ्याला बसवायचं. मुठीवरचे आकडे पुसून पुसून कधीच गेले, पण ते बरंच झालं असं तिचं मत आहे. आकडे असले की लोक खाली बघतात.

मामीची खासियत म्हणजे तिचा निकाल. आठ-दहा दिवस शिकवलं की ती माणसावर एक वाक्य टाकते आणि ते त्याला जन्मभर पुरतं. दंतवैद्याला म्हणाली, "तुमच्या आरशाला डोळे नाहीत." ते आजही मागे न बघता गाडी काढतात आणि लोक तेच वाक्य म्हणत बाजूला होतात. भाच्याला, तो अठरा वर्षांचा असताना, म्हणाली होती, "तुझा पाय आणि तुझं डोकं एका घरात राहत नाहीत." भाचा आता अठ्ठावीसचा आहे, विमा कंपनीत धोक्यांचा अंदाज बांधायचं काम करतो, आणि वर सांगितलेला धोका त्याला ऐनवेळी दिसला नाही. म्हणजे वाक्य अजून लागू आहे.

नळवालीला मिळालेलं वाक्य होतं, "तुझा हात जड आहे. पाइप आवळल्यासारखी गिअर टाकतेस."

नळवाली म्हणजे गावात नळदुरुस्ती करणारी एकुलती एक बाई. वय चाळिशीच्या आत, दंड एखाद्या पैलवानाला शोभतील असे, आणि हसली की समोरच्या खिडकीतून लोक डोकावतात. मोठ्या दवाखान्याच्या तीन इमारतींचं काम तिला मिळत होतं. अट एकच होती. हाक मारली की सामानासकट स्वतःच्या गाडीने यायचं. जुनी व्हॅन तिने बघून ठेवली होती. परवाना तेवढा नव्हता. दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा चढावर दुसरा गिअर टाकताना गाडी अशी किंचाळली की तपासनीसाने कागदावर लिहिलं, गिअरवर ताबा नाही. शिकाऊ परवान्याची मुदत उद्या संपत होती आणि दवाखान्याचं काम सोमवारी सुरू होत होतं. आज चार वाजता जमलं नाही, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि काम दुसऱ्याला.

चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला भाचा काल मामीची गाडी घेऊन बाजारात गेला होता. दुसरा गिअर टाकताना त्याच्या हातातही गाडी किंचाळली.

"मामी, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंयस?"

"तुझा हात आहे तो. माझ्या हातात कधी आवाज करत नाही."

आणि ते खरंही होतं. मामी गाडी चालवताना भाच्याने नीट पाहिलं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती मध्ये किंचित थांबायची, जणू दारात कुणाला वाट द्यावी तशी, आणि मगच मूठ मागे ओढायची. गाडीचं दुखणं तिच्या हाताला केव्हाच सवयीचं झालं होतं. हाताने मात्र ही गोष्ट मामीला कळवली नव्हती.

म्हणून आज सकाळी भाच्याने ऑइल विकत आणलं, अंगणातल्या गाडी धुवायच्या दोन कट्ट्यांवर गाडी चढवली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मामी पावणेबाराला चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"झालं का?"

"अर्धं झालंय."

"कुठलं अर्धं?"

"सोपं."

मामीने कप कट्ट्यावर ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. भाच्याने सगळं सांगितलं. बोलणी खायची तयारी त्याने केली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती उत्तरं तशीच राहिली. मामीने वर्तमानपत्रावर ठेवलेलं खालचं बूच उचललं. त्याच्या टोकावर दाट करडा लगदा चिकटला होता, बोटभर जाड.

"हे काय?"

"त्याला लोहचुंबक असतं. आत जे झिजतं ते येऊन चिकटतं."

"काय झिजतं?"

"गिअर." मग त्याला राहवलं नाही. टब जरा उन्हात सरकवून तो म्हणाला, "आणि हे ऑइलात पिवळं चमकतंय ना, ते पितळ. एक गिअर सोडून दुसरा पकडताना वेग जुळवणाऱ्या कड्या असतात आत, त्यांचं. शिवाय आत अडीच लिटर हवं होतं. निघालं दीड."

मामीने लगदा दोन बोटांत चोळून पाहिला. मीठ बरोबर पडलंय का बघावं तसा.

"गाडी घेतली तेव्हा तो माणूस म्हणाला होता, आत्ताच बदललंय."

"घेतलीस कधी?"

"तू दहावीत होतास."

भाच्याच्या मनात आलं, म्हणजे आपण शिकलो तेव्हा ऑइल तसं ताजंच होतं. ती सबब काही आपल्याला मिळत नाही.

"इंजिनचं वेळच्या वेळी बदलते मी," मामी म्हणाली. "त्याचा दिवा लागतो."

"याला दिवा नसतो."

"नसतोच तर," मामी म्हणाली आणि टॉवेल काढून बोटं पुसायला लागली. पुसून झाली तरी पुसत राहिली.

एवढ्यात फाटक वाजलं. परीक्षेआधी दोन तास सराव करायचा म्हणून नळवाली कामावरून थेट आली होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायांत गमबूट.

"बाई, गाडी आडवी का पडलीय?"

"याला विचार," मामी म्हणाली.

भाच्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आणखीच मूर्खपणाचं वाटलं. नळवालीचा चेहरा आधी पडला. तिने घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली आणि खांद्यावरची पिशवी उतरवली.

"बघू द्या. बूच म्हणजे बूच. पाण्याचं काय नि गाडीचं काय."

ती कट्ट्यांमधून पाठीवर सरकत आत गेली. भाचा टॉर्च धरून बाजूला उकिडवा बसला.

"कोणी केलं हो हे? उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय."

"मीच."

"दादा, तुम्ही ऑफिसात काम करता ना?"

"हो."

"बरं करता."

तिने आधी बुचाच्या भोवती हातोडीने बारीक टिचक्या मारल्या, दार वाजवल्यासारख्या. मग पिशवीतून मापापेक्षा एक नंबर लहान गोटी, म्हणजे बुचावर टोपीसारखं बसणारं पान्याचं पोकळ टोक, काढली आणि ती बुचाच्या झिजलेल्या डोक्यावर ठोकून ठोकून बसवली. दांड्याला हातभर पाइप जोडला आणि पाना उलटा फिरवण्याऐवजी आधी आवळायच्या बाजूला दाबला.

"अहो, उलट," भाचा घाईने म्हणाला.

"अडलेल्याला आधी त्याच्याच बाजूने थोडं जाऊ द्यायचं. मग ते ऐकतं."

आणि मग तिने तो पाइप असा ओढला की तिच्या मानेच्या शिरा दिसल्या, पण झटका एकही नाही. सावकाश, एकसारखा जोर, श्वास धरून. कट्ट्याच्या बाजूला मामीही वाकली होती. ती बुचाकडे बघत नव्हती. नळवालीच्या हाताकडे बघत होती. टक्‌ करून आवाज आला आणि पाइप हलला.

बूच बाहेर आलं ते गोटीत घट्ट रुतूनच. काही केल्या निघेना. नळवालीने आटे बघितले आणि हसली.

"हे तर आमच्याच आट्याचं आहे, निमुळतं. पाइपाचं." पिशवी चाचपून तिने एक पितळी बूच काढलं, छिद्रात दोन फेरे फिरवून पाहिलं. मेण लावल्यासारखं बसलं. "घ्या. गोटी राहू द्या तुमच्याकडे, बूच निघालं की द्या."

खालचं बूच पुसून बसवलं आणि नवं ऑइल लांब नळीतून नरसाळ्याने भरलं. छिद्रातून धार परत यायला लागली तेव्हा पितळी बूच बसवलं. भाच्याने टब उचलला तशी नळवाली म्हणाली, "एवढं काळं? आजच का बदललंत पण?"

भाच्याने मामीकडे पाहिलं. आता सांगेल असं त्याला वाटलं. तसा अवकाशही होता. भिंतीवरून चाललेलं एक मांजरसुद्धा थांबलं होतं.

"जुनं झालं होतं," मामी म्हणाली. "हात धू. दीड वाजला."

सरावाला दीड तास मिळाला. भाचा मागच्या सीटवर होता. चढ आला, नळवालीने दात आवळले, खांदा वर घेतला आणि मूठ मागे ओढली. काही झालं नाही. गिअर पडला, गाडी चढली. तिला वाटलं गिअर पडलाच नाही, म्हणून तिने पुन्हा मुठीकडे पाहिलं.

"खाली बघू नको," मामी म्हणाली. आवाज नेहमीचा होता, पण टॉवेलाचा पिळा झाला होता.

चार वाजता तपासनीस नळवालीशेजारी बसला आणि गाडी परीक्षेच्या मैदानात गेली. मामी आणि भाचा फाटकाबाहेरच्या बाकावर बसले.

"शेजारी नेहमी कोणीतरी बसलेलं असायचं ना," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"गाडीने आवाज केला की तो कुणाच्या तरी हातातच करायची. मग मी त्या माणसाला बोलायची. सोपं होतं." ती मैदानाकडे बघत होती. "नळवाली रोज घरी जाऊन लाटण्यावर सराव करायची म्हणे. हात हलका करायला. नवऱ्याने सांगितलं मला. हसले होते मी."

"कधीपासून बिघडलं असेल काय सांगणार, मामी."

"तेच तर. सांगता येत नाही. म्हणजे कोणाकोणाला काय काय बोलले, त्यातलं खरं किती तेही सांगता येत नाही."

भाच्याला म्हणायचं होतं की दंतवैद्याचं वाक्य तरी नक्की खरं आहे.

चढावर गाडी दिसली. पहिल्या गिअरचा घरघराट आला, मग क्षणभर शांतता, आणि मग गाडी तशीच, काही न बोलता, वर गेली. मामीचा डावा हात मांडीवर आपोआप मागे सरकला होता. मध्ये न थांबता.

वीस मिनिटांनी नळवाली कागद हलवत आली. गमबुटांत पळणारी बाई भाच्याने याआधी पाहिली नव्हती.

"झाले पास. बाई, तुमच्यामुळे. तुम्ही रोज टोकत होता ना, हात जड, हात जड, तेव्हा राग यायचा मला. घरी शिव्या द्यायचे तुम्हाला, खोटं कशाला बोलू. पण आज कळलं. हलका झाला हात. दुसरा असा पडला, लोण्यात सुरी."

मामीने तोंड उघडलं. भाचा बुटाच्या नाड्या बघायला लागला, कारण अशा वेळी कुठेतरी बघावं लागतं.

"त्या पितळी बुचाचे किती झाले?" मामीने विचारलं.

"अहो, काय बाई, राहू द्या."

"राहू द्यायचं नाही. मी येते घरी. द्यायला."

"या की. व्हॅनमधून फिरवून आणते तुम्हाला. मागे बसा, शेजारी नको, भीती वाटते तुमची."

भाचा परत गेला. दोन महिन्यांनी फोनवर त्याने सहज विचारलं, तर मामीने बरीच खबरबात दिली. दवाखान्याचे नळ गळायचे थांबले. व्हॅन रस्त्यात दिसते, नळवाली हॉर्न वाजवून हात करते. मामी नव्या शिकाऊंना आता पहिले पंधरा दिवस काहीच बोलत नाही, त्यामुळे लोक घाबरून आहेत. दर पहिल्या तारखेला ती गाडीखाली वाकून बूच गळतंय का बघते.

"आणि गोटी दिलीस तिची?"

"गाडीतच आहे. समोरच्या कप्प्यात. बूच निघालं तिच्यातून, उकळत्या पाण्यात टाकलं तेव्हा."

"मग देऊन टाक की. तिचं घर तुझ्या रस्त्यावरच आहे."

"रोज जाते तिथून," मामी म्हणाली. "दुसऱ्या गिअरमध्ये. जातेच आहे."

"पैसेही द्यायचे होते ना बुचाचे?"

"पैसे काय रे, पैसे आत्ता नेऊन देईन. ऑइलाचं न सांगता नुसती गोटी आणि पैसे देऊन कसं परत यायचं, ते बघतेय."