डावा टायर आणि ज्वारीचं पोतं

गाडी घेऊन वर्षसुद्धा नीट झालं नव्हतं आणि पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेनं पार गुळगुळीत झाला. उजवा मात्र नवाकोरा. गाडी एक, रस्ता एक, चालवणारी बाई एक, आणि दोन टायरांत एक म्हातारा, एक तरणा. मी रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसते, तरी हे माझ्या नजरेला पडलं नाही. पडलं ते नवऱ्याच्या. तो खाली वाकला, टायरवरून बोट फिरवलं आणि नुसतं 'हं' म्हणाला. आमच्याकडे त्या 'हं'मध्ये सगळा निकाल असतो.

कारण गाडी माझ्या हट्टाची. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं गाडी शिकावी हे घरात कुणालाच पटलं नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जुन्या जालन्यातून निघायचं, मंठ्याच्या मोठ्या रस्त्याला लागायचं आणि वाटूरच्या अलीकडे आत वळायचं. आतला रस्ता एकपदरी डांबरी. इतकी वर्षं एसटी आणि जीपमध्ये कोंबून घेतलं, म्हटलं आता पुरे. हौसेला मोल नसतं.

गाडी रस्त्यावर आणली तेव्हा शेजारी बसायला घरचं कुणी तयार होईना. मुलाचा अभ्यास निघाला, नवऱ्याचं बीपी निघालं. बसली ती आपा. आमच्याच शाळेच्या आवारात उर्दूचे वर्ग भरतात, तिथं ती शिकवते. माझ्याहून लहानच आहे, पण सगळी शाळा तिला आपा म्हणते म्हणून मीही म्हणते. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी चढावर गाडी बंद पाडायची, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे, आणि आपा खिडकीबाहेर बघत बगाऱ्या बैंगनात तीळ किती घालायचे ते सांगत राहायची. माझ्या गाडी चालवण्याबद्दल तिनं कधी एक अक्षर काढलं नाही. खरं सांगायचं तर मी तिच्याच भरवशावर गाडी शिकले. गाडीपेक्षा मला तो जाता-येतानाचा वेळ जास्त आवडायचा. घरात जे बोलता येत नाही ते दोघी त्यात बोलायचो.

तर टायर. टायरवाला फोनवर बोलता बोलता खाली वाकला आणि म्हणाला, एका साइडला लोड येत असंल, न्हाईतर अलाइनमेंट गेली असंल, मशीनवर चाकं सरळ हायेत का बघून घ्या. त्यानं दोन कारणं सांगितली. या बाईंनी पहिलं ऐकलं आणि दुसऱ्याला कानच दिले नाहीत. चौथीच्या पोरांना तराजू शिकवणारी बाई मी, मला वजनाचं कोण काय सांगणार? घरी येईपर्यंत माझा शोध पूर्ण झाला होता. डाव्या सीटवर रोज कोण बसतं? आपा. आपा अंगानं कशी? चांगली भरदार. झालं, लागला निकाल. नवा टायर टाकला आणि ते मशीनबिशीन म्हणजे फुकटचा खर्चा म्हणून सोडून दिलं.

माझा खरा हुशारपणा पुढंच आहे. त्याच आठवड्यात माहेराहून, टेंभुर्णीहून, भावानं ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. ते मी घरात उतरवलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटमागं उभं केलं, बेल्ट लावून. इकडं ज्वारी, तिकडं आपा, काटा बरोबर मध्ये. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, तुम्हाला विज्ञान कळत नाही. आता आठवलं की स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटते.

सकाळी आपा बसली, मागं वळून बघितलं आणि विचारलं, दळायला टाकायचं आहे का? हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण माझ्या जिभेला हाड नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"न्हाई हो आपा, तुमच्या बाजूचा टायर झिजून राह्यला. म्हणून इकडं वजन टाकलं, बराबरीला."

आणि हसले. वर टाळीसाठी हातही पुढं केला. आपानं टाळी दिली, तीही हसली. मग तिनं माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली आणि शाळा येईपर्यंत उन्हाबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, आज भाच्यासोबत जाते. तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे. मग सकाळची एसटी सोयीची पडते म्हणे. मी आधी सगळं खरं धरलं, मग मला राग आला. एवढं काय सोनं लागून गेलंय, गंमतही करायची नाही का? दोन मैत्रिणींत एवढंही चालत नसेल तर काय करायचं? शाळेत ती भेटायची, चहा द्यायची, सगळं बोलणं अगदी अदबीनं. तेच सहन होईना. पूर्वी ती मला नणंदेच्या कागाळ्या सांगायची, आता 'तब्येत कशी आहे' विचारायची. मी गाडीत एकटीच बडबडायची सवय लावून घेतली. पोतं घरात गेलं, ज्वारीच्या भाकरी झाल्या आणि त्या खाताना मला दरवेळी ठसका लागायचा.

आणि तिकडं नवा डावा टायर पुन्हा झिजायला लागला. त्याच बाहेरच्या कडेनं. डाव्या सीटवर आता कुणी नव्हतं, गाडीत फक्त मी नि माझी पर्स. पर्सच्या वजनावर ढकलावं इतकी निर्लज्ज मी अजून झाले नव्हते.

पुढच्या शनिवारी नवऱ्याला परतूरला काम होतं, म्हणाला शाळेपर्यंत तुझ्यासोबत येतो. मोठ्या रस्त्यावरून आत वळलो आणि समोरून मोटारसायकल आली. मी गाडी डावीकडं खाली उतरवली. मोटारसायकल गेल्यावर डांबराच्या काठावर धाडकन चाक आपटून परत वर घेतली. आमच्या त्या रस्त्याच्या कडेचा मुरूम वाहून गेलाय, डांबर असं वीतभर वर राहिलंय. थोड्या वेळानं बैलगाडी आली, मी उतरले. सायकल आली, उतरले. मग एक शेळी आली. शेळीलाही मी साइड दिली.

"शेळीसाठी कशाला उतरवली?" नवरा म्हणाला.

मी म्हटलं, तुम्हीच तर शिकवलं. समोरून काहीही आलं की आपण खाली उतरायचं, बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक भांडायला टपलेले असतात, आपण आपलं साइड देऊन मोकळं व्हायचं. गाडी आणली तेव्हा घरबसल्या त्यानं हाच धडा दिला होता. आमच्याकडं रीत अशी, की एकपदरी रस्त्यावर दोघांनीही एकेक चाक खाली घ्यायचं. मी दोघांच्याही वाट्याचं एकटीच घेत होते, येताना नि जाताना, रोज. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

त्याच संध्याकाळी गाडी मशीनवर चढवली. चाक आपटून आपटून तिरपं झालेलं, ते स्क्रीनवर लालभडक दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, आणि फाशी देताना टाळीही मागितली होती. मला तिथंच, ऑइलच्या डब्यांमध्ये उभ्या उभ्या रडू आलं. मशीनवाल्याला वाटलं बिलाचं टेन्शन आलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर आपा फाट्यावर जीपची वाट बघत उभी होती. मी गाडी थांबवली, खाली उतरले आणि उन्हात सगळं सांगून टाकलं. काठ, मुरूम, शेळी, मशीन, सगळं. शेवटी म्हटलं, आपा, तुमच्या वजनाचा काही संबंध नव्हता, टायर माझ्यामुळंच गेला, माझं चुकलं. बोलताना मनात असं की आता ती हसेल, मला दोन शिव्या देईल आणि पुढं येऊन बसेल.

आपानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"टायरचं काय न्हाई, मॅडम. वजनाचं मी घरी रोज ऐकते, सासूपासून पोरांपर्यंत. तुमच्या गाडीत तेवढा वेळ कोणी त्याचं बोलत न्हवतं."

जीप आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आपानं त्याला हातानंच जा म्हटलं. मी पळत जाऊन गाडीचं पुढचं दार उघडलं. ती शांतपणे मागचं दार उघडून मागं बसली. मी म्हटलं, आपा, पुढं या ना. ती म्हणाली, राहू द्या, मला इथं बराबर आहे.

अजून ती मागंच बसते. बैंगनाच्या गोष्टी सांगते, नणंदेच्याही सांगायला लागली आहे, पण मला त्या आरशात बघून ऐकाव्या लागतात. गावातले नवे लोक मला तिची ड्रायव्हर समजतात आणि मी कुणाला खोटं पाडत नाही. पुढची सीट मी रिकामी ठेवते. तिच्यावर पर्ससुद्धा ठेवत नाही.