चौकशीकाकांची नामांकनं

आमच्या चौकशीकाकांइतके सिनेमे अमरावतीत दुसऱ्या कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही, आणि काकांना दोन्ही डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं. ऐन तिशीत नजर गेली. पुढे बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसून ते माइकवर गाड्या पुकारत. चांदूर बाजार, वरूड, धारणी, सगळं वेळापत्रक तोंडपाठ. 'सिनेमा ऐकून आलात का?' असं कुणी विचारलं की मात्र बिनसायचं. "ऐकाले तो काय रेडिओ हाय? मी पाह्यतो," म्हणायचे.

पाहायचे ते माझ्या डोळ्यांनी. आम्ही शेजारी. मी कॉलेजात गेल्यापासून दर रविवारी टॉकीजमध्ये त्यांच्या बाजूला बसून, पडद्यावर जे बोललं जात नाही ते त्यांच्या कानात सांगायचे. मी मुळात आळशी, बरंच गाळायचे. ते लगेच पकडायचे. "आता पानी पेला ना तो? मंग सांगितलं काऊन नाई?" मागचे लोक 'श्शऽऽ' करायचे, तर काका उलट त्यांनाच दटावायचे.

वर्षाच्या पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की काकांच्या ओसरीवर बैठक. मोबाइलवरून यादी मी वाचायची आणि काकांनी ती गाडी पुकारल्यासारखी पुन्हा म्हणायची, "उत्कृष्ट अभिनेता, फलाट क्रमांक तीन." मग एकेकाची हजेरी. "हा? हा तं प्रत्येक वाक्याच्या आंधी श्वास घेते. पोहाले निघाला का?" सगळ्यांची सालं काढून झाली की त्यांची स्वतःची नामांकनं. उत्कृष्ट चप्पल, म्हणजे नुसत्या चालण्यावरून माणूस कळला पाहिजे. उत्कृष्ट दार. उत्कृष्ट गप्प बसणं. आणि शेवटी दरवर्षी एकच, बिनविरोध: उत्कृष्ट डोळे, म्हणजे मी. मी वरवर हसायचे, पण त्या एका ओळीची वर्षभर वाट पाहायचे. खोटं कशाला बोलू?

खोटं बोलले ते एकदाच. एका सिनेमात म्हातारा बाप मुलाला शोधत शहरात जातो. शेवटची चार मिनिटं संवाद नाही, संगीतही नाही. बाप मुलाच्या दारापर्यंत पोचतो, खिडकीतून त्याचा सुखाचा संसार बघतो आणि दार न वाजवता परत फिरतो. काकांचा मुलगा हैदराबादला. काकू गेल्यावर तो दोन वर्षांत एकदाही आला नव्हता. माझ्या तोंडून ते निघेचना. मी सांगून टाकलं, "मुलानं दार उघडलं, काका. बापाच्या गळ्यात पडून रडतोय." काकांनी माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर गिलावडा खाताना पहिल्यांदाच त्यांनी सिनेमावर टीका केली नाही.

त्या वर्षीच्या नामांकनांत तो सिनेमा कुठेच नव्हता. काका असे भडकले की विचारू नका. "शेवट पाह्यला नाई का यायनं? लिव्ह, पत्र लिव्ह त्यायले." मी कागद घेतला. ते सांगू लागले, "महोदय, मुलाने दार उघडले, त्या क्षणी..." माझा पेन तिथेच थांबला. लिहिलं असतं तर साऱ्या जगासमोर काकांचं हसं झालं असतं. मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं.

त्यांनी हात पुढे करून माझ्याकडचा कागद काढून घेतला. मग म्हणाले, "माहा पोरगा येत नाई, हे मले ठाऊक हाय. सिनेमानं त्याच्यात नवं काय सांगितलं असतं? रडनं मले जमते वं. पन तुह्या डोयानं मी पाह्यतो, अन् तूच माह्या डोयात धूळ टाकली?" त्या वर्षी उत्कृष्ट डोळ्यांचं नामांकन रद्द झालं. पुढच्या रविवारी काका काठी टेकत तिकिटं घेऊन हजर, पहिल्यासारखेच बोलके, पण ते नामांकन काही परत आलं नाही. मी दरवर्षी यादीच्या शेवटी थांबायचे आणि काका म्हणायचे, "संपली. गाडी सुटली."

पुढे मला अकोल्यात नोकरी लागली. गेल्या वर्षी काकांना उपचारासाठी तिथल्याच दवाखान्यात आणलं, तेव्हा नामांकनं नुकतीच लागली होती. खाटेशेजारी बसून मी वाचत होते आणि बारीक आवाजात का होईना, ते फलाट क्रमांक लावत होते. मध्येच डॉक्टर आले, "काळजी करू नका, लवकर बरे व्हाल," म्हणून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज दूर जाईपर्यंत काका थांबले. "डॉक्टरचं तोंड कसं होतं वं?"

जिभेवर खोटं तयार होतं. ते गिळलं. "फाइलकडे बघत बोलत होते, काका. तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही."

काकांनी चाचपडत माझा हात शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. "उत्कृष्ट डोळे," ते पुकारल्यासारखं म्हणाले, "बिनविरोध." मला रडू आवरेना. त्यांनी आवर म्हटलंही नाही.

चार दिवसांनी काका गेले. मुलगा हैदराबादहून दुसऱ्या दिवशी पोचला. दारातच थांबला, चौकट धरली आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. तेवढं मात्र काकांना सांगायचं राहून गेलं.