ब्रीदरची नळी

आठवडाभर इंजिनं ऐकली की रविवारी मला देवळातली घंटासुद्धा नकोशी वाटते. माझं गॅरेज घोडेगावात, हमरस्त्याला लागून. सहा दिवस टेम्पो आणि ट्रॅक्टर, सातवा दिवस माझा, असं मी लग्नात बायकोला सांगितलं होतं. पण माझ्या चुलत्यांची बोट होती, त्यामुळे तो सातवा दिवस कधी माझा झालाच नाही.

बोट धरणाच्या फुगवट्यात चालायची. पाणी चढलं तेव्हा आमची वस्ती अलीकडे सरकली आणि चर्च पलीकडच्या काठावर राहिलं. दर रविवारी उपासनेला जाणारी मंडळी काकांच्या बोटीतून पार व्हायची. रस्त्याने मोठा वळसा पडतो. बोटीत मंडळी गाणी म्हणायची आणि काका सुकाणूवर हात ठेवून बेसूर साथ द्यायचे.

इंजिन भंगारात निघालेल्या ट्रकचं, टर्बोवालं. मीच बसवलेलं. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून ताकद येते. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तोच दाब कडेने निसटून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. पोटातला हा दाब बाहेर जावा म्हणून ब्रीदरची नळी असते. काकांच्या इंजिनाची नळी धूर आणि तेलाचे तुषार फेकायची, आणि मागच्या फळीवर बसलेल्या बायकांच्या पांढऱ्या साड्यांवर काळे ठिपके पडायचे.

"इंजिन उतरवू, रिंगा बदलू," मी दहा वेळा सांगितलं.

"आन् तवर मंडळी कशी जायाची? एकदा टेम्पोची सवं लागली की पुन्हा बोटीत कोन बसतंय?" हे त्यांचं उत्तर. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

मग पाळकसाहेबांनी सांगून टाकलं की ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी जर कुणाचे कपडे खराब झाले, तर पुढच्या आठवड्यापासून टेम्पो ठरवायचा. शुक्रवारी घोडेगावचा बाजार, रस्ता जनावरांच्या गाड्यांनी तुंबलेला, आणि त्यातून वाट काढत काका गॅरेजवर आले. "एवढं बघ लेका. बोट गेली तर मी काय काठावर बसून पानी मोजू?" त्यांचा आवाज रडवेला नव्हता. तो तसा असता तर मी काहीतरी सबब सांगितली असती.

शनिवारी मी गेलो. पाठ धरली होती, डोकं चालत नव्हतं. ब्रीदरला लांब नळी जोडली, बोटीच्या कडेवरून बाहेर काढली आणि तोंड पाण्याच्या जेमतेम वर राहील अशी खाली सोडली. तेल मोजायची गेज दाबाने वर उडते म्हणून काकांनी ती ट्यूबच्या रबराने करकचून बांधली होती. ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. बोटीत आम्ही दोघंच होतो. इंजिन चालू करून पाहिलं, धूर बाहेर जात होता, बोट स्वच्छ. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती नेमकी दुखऱ्या जागी.

रविवारी बोट खच्चून भरली. पोरांच्या हातात झावळ्या, बायका पांढऱ्याशुभ्र साड्यांत. मी पुढे डुलकी काढत होतो. निम्म्या पाण्यात गेल्यावर इंजिनाचा आवाज जड झाला, निळा धूर निघाला आणि मागचं ऑइल सील सुटलं. सगळं तेल बोटीच्या तळात पसरलं. काकांनी इंजिन बंद केलं. गाणं थांबलं. बायकांनी पदर सावरले, पण काठ भिजायचे ते भिजलेच. काका पाठमोरे होऊन बराच वेळ इंजिनापाशी वाकून होते. शेवटी मासेमारीच्या एका होडीने दोर टाकून आम्हाला काठाला आणलं.

"झालं काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

काकांनी तेलकट चिंधी वर धरली. "म्या नळीत बोळा कोंबला हुता. कापडं खराब हू नये म्हून. माझंच चुकलं."

माझं टाळकंच सरकलं. मंडळीसमोर मी त्यांच्यावर ओरडलो, "इंजिनाचं नाक दाबतात का? तुम्हाला अक्कल कधी येणार?" ते मान खाली घालून उभे राहिले. पुढच्या रविवारी टेम्पो आला.

पावसाळ्याच्या तोंडावर बोट मोडीत काढायची ठरली आणि मी इंजिन उतरवायला गेलो. मागच्या फळीखाली नळीचा एक तुकडा सापडला, वीतभर, सुरीने कापलेला. माझ्याच नळीचा. कडेवरून लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला तो लावून पाहिला, बरोबर जुळला. भरलेली बोट पाण्यात किती खाली बसते याचा विचार मी शनिवारी केलाच नव्हता. नळीचं तोंड पाण्यात बुडालं होतं, गेज बांधलेली होती, दाबाला वाट उरली नव्हती. ते बुडालेलं टोक कुणाला दिसू नये म्हणून काकांनी पाठमोरं वाकून कापलं होतं. बोळा कधी नव्हताच.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. तुकडा समोर ठेवला.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझं गॅरेज हाय," ते म्हणाले. "माझी बोट कुठं लई दिस टिकनार हुती? टाक त्यो तुकडा."

मला लाज वाटली आणि राग त्यांचाच आला. रविवारी सगळ्यांना सांगतो म्हणालो.

अजून सांगितलेलं नाही. काका आता टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसतात. धुतलेला सदरा, हातात गीतांचं पुस्तक. मंडळी त्यांना चिडवतात, "काका, आज बोळा आनला का?" ते हसतात. मी मागे बसलेला असतो, आणि सगळ्यांबरोबर मीही हसतो.