आनंदीबाईंनी मोडलेली सोयरीक

चौलच्या आनंदीबाईंना एकच मुलगा, विश्वंभर. देखणा, गोडबोल्या. कुणाकडे काही वाईट घडलं की सर्वांत आधी हाच धावायचा. पण लहानपणी मारलं तरी तो भ्यायचा नाही, चुकीचं वाईट वाटून कधी रडला नाही. नवऱ्यामागे एकटीने वाढवताना बाईंना ते खटके. पोर धीट आहे, अशी त्या मनाची समजूत घालत.

एकोणीसशे एकोणतीस साली त्यांच्या वाडीतला गडी भागोजी पोफळीवरून पडला. तिथेच असलेला विश्वंभर घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. ताक वाढताना बाईंनी विचारलं, "भागोजी कुठे राहिला रे?"

"तो पडलाय. सकाळीच. उठत नाहीये."

बाई तशाच धावल्या. भागोजी वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. संध्याकाळी त्याच्या बायकोसमोर विश्वंभर असा ढसाढसा रडला, की जमलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. घरी येताच त्याने तोंड पुसलं. "एवढं रडलो ते पुरे ना, आई?"

बाईंनी त्याला वैद्यांकडे नेलं. ते म्हणाले, "वेड नाही, बाधा नाही. दुसऱ्याचं दुखणं याला कळतं, पण लागत नाही. जन्मापासूनच असावं. माझ्याकडे यावर काढा नाही."

पुढे नागावच्या भाऊंनी विश्वंभरला मुलगी द्यायचं ठरवलं, तेव्हा बाई स्वतः त्यांच्या ओटीवर गेल्या. "देऊ नका."

भाऊ चकित झाले. "दारू? बाहेरचा नाद?"

"तसलं काही नाही." त्यांनी भागोजीची हकीकत सांगितली.

सोयरीक मोडली. गावाने बाईंना पोटच्या पोराची वैरीण ठरवलं. विश्वंभर मात्र रागावलाही नाही. मुंबईला गेला आणि तिथे परस्पर लग्न केलं.

बाई बोटीने सुनेला भेटायला गेल्या. सरोजिनी हरखून म्हणाली, "किती जीव लावतात हो हे!" बाईंचा धीर झाला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "कधीही वाटलं तर चौलला ये. कारण विचारणार नाही."

तीन वर्षांनी सरोजिनी नेसत्या लुगड्यानिशी आली. हळूहळू तिनेच सांगितलं. मूल पोटातच गेलं त्या दिवशी तो नाटकाला गेला होता, आणि परतल्यावर उशाशी बसून तिला नाटकाची गोष्ट रंगवून सांगत होता.

"माझंच काही चुकलं का?"

"नाही गं. मीही इतकी वर्षं स्वतःला हेच विचारलं."

विश्वंभर दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा इतकं गोड बोलला, की सरोजिनी उठून कपडे बांधू लागली. दोन्ही वेळा बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं, आणि एकट्यालाच परत पाठवलं.